दुसऱ्या बरणीचे झाकण

लिफ्टमामांचे कोणतेही संभाषण सहा मजल्यांपेक्षा लांब जात नसे. हा त्यांचा स्वभाव होता असे म्हणता येणार नाही. ही त्यांच्या नोकरीने पाडलेली घडी होती. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत त्यांनी तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत लिफ्ट चालवली, आणि ती इमारत सहा मजल्यांची होती. माणूस तळमजल्यावर आत शिरे, "काय मामा, बरं आहे ना?" असे विचारी, मामा उत्तराला सुरुवात करीत, आणि उत्तरातला महत्त्वाचा भाग तोंडाशी येईपर्यंत दार उघडलेले असे. म्हणून मामांनी हळूहळू आपली उत्तरे आखूड केली. पुढे पुढे ते फक्त "चला" एवढेच म्हणत. त्या एका शब्दात ते बरे आहेत, मजला आला आहे आणि उतरावे, हे सर्व येत असे.

लिफ्टमध्ये ते दाराकडे तोंड करून एका उंच स्टुलावर बसत आणि माणसे त्यांच्या पाठीमागे उभी राहत. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचे साहेबांशी बिनसले, हे सर्व त्यांनी पाठीने ऐकलेले होते. आवाजावरून ते माणूस ओळखीत, पण रस्त्यात तोच माणूस समोरून आला तर त्यांना ओळख पटत नसे. त्यांच्या निरोपाचा समारंभ सहाव्या मजल्यावर झाला. त्या समारंभाला जाणाऱ्या सर्व पाहुण्यांना मामांनीच वर नेले, कारण नेणारे दुसरे कोणी नव्हते. नंतर तेथे बटणांची लिफ्ट बसली.

मामी निवृत्तीच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हते. दोन खोल्यांचे घर, त्यात एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर मामा वाळलेले कपडे ठेवीत. घरात दिवसभर कोणी बोलत नसे, आणि मामांना त्याचे विशेष वाटत नाही असे त्यांनी स्वतःला सांगून ठेवले होते. दूर गावी त्यांची थोरली बहीण होती. ती रविवारी फोन करी.

"काय जेवलास?" हा तिचा पहिला प्रश्न असे.

"जेवलो."

"काय जेवलास ते विचारलं."

"नेहमीचं."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे दगडाला गुदगुल्या करणं," ताई म्हणे. "साखर अजून त्या रंगाच्या डब्यातच ठेवतोस का रे?"

ही गोष्ट खरी होती. भिंत रंगवल्यानंतर रंगाचा छोटा डबा उरला होता. तो मामांनी घासूनपुसून घेतला होता आणि त्यात साखर भरली होती. डबा स्वच्छ होता, परंतु त्यावर अजून हिरवा ओघळ होता. ताई एकदा राहायला आली असता तिने तो पाहिला आणि तेव्हापासून ती तो विसरली नव्हती.

"अरे धाकट्या, माणूस घरात एकटा असला तरी माणूसच असतो," ती म्हणाली. "एखादी वस्तू तरी अशी आण, की चहा करताना तिच्याकडे बघून बरं वाटेल."

मामांनी ही सूचना गांभीर्याने घेतली. सूचना गांभीर्याने घेण्याची त्यांना सवय होती.

त्यांच्या बसच्या मार्गावर गाड्या उभ्या करण्याची एक मोठी, छप्पर असलेली जागा होती. महिन्यातल्या एका रविवारी ती रिकामी करून तेथे हाताने बनवलेल्या वस्तूंचा बाजार भरत असे. जमिनीवर गाड्यांसाठी रंगवलेले आकडे तसेच असत आणि प्रत्येक आकड्यावर एक टेबल मांडलेले असे. मामा प्रथम आत गेले ते हे आकडे पाहून. आकडे लावलेल्या जागेत त्यांना सुरक्षित वाटे.

आत त्यांनी जे पाहिले, त्याने ते गोंधळले. आठ नंबरवर एक जाडजूड मनुष्य तांब्याची तार वाकवून दिव्यांच्या टोप्या करीत होता. अकरा नंबरवर दोघी बहिणी पडद्यांवर स्वतः कोरलेले ठसे उमटवीत होत्या आणि मधल्या वेळेत एकमेकींशी भांडत होत्या. लाकडाचे चमचे होते, लोकरीच्या उशा होत्या, मेणबत्त्या होत्या. कोणतीही वस्तू दुसरीसारखी नव्हती. मामांना आयुष्यभर एकाच मापाची दारे, एकाच मापाचे मजले पाहण्याची सवय. येथे दोन चमचे शेजारी ठेवले तर एकाची मान दुसऱ्यापेक्षा लांब होती, आणि त्याबद्दल कोणालाच खेद वाटत नव्हता.

सतरा नंबरवर एक मध्यम वयाच्या बाई मातीची भांडी मांडून बसल्या होत्या. पूर्वी त्या फरशांच्या कारखान्यात नक्षी काढण्याचे काम करीत. एकच नक्षी हजारदा छापली जाते, याचा कंटाळा येऊन त्यांनी घरी चाक आणि भट्टी आणली. सगळे त्यांना मातीवाल्या बाई म्हणत. त्यांच्या टेबलावर धुरकट निळ्या रंगाच्या दोन बरण्या होत्या. झाकण वरून खोलगट होते, बशीसारखे, आणि त्या खळग्याच्या मध्यभागी चिमटीत धरायला एक छोटे बोंड होते. मामांनी एक बरणी उचलली. ती हातात भरून आली. त्यांनी ती घेतली.

बाजार उठायची वेळ होती आणि गर्दी झाली होती. त्याच वेळी दुसरी बरणी दुसऱ्या कोणीतरी घेतली. झाकणांचे कंगोरे उडू नयेत म्हणून मातीवाल्या बाई झाकण वेगळ्या कागदात गुंडाळीत. त्या घाईत या बरणीचे झाकण त्या पिशवीत आणि त्या बरणीचे झाकण या पिशवीत गेले.

मामांना हे घरी कळले. झाकण बरणीवर बसेना. ते पडत नव्हते, परंतु एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूने उठत होते. मामांनी ते सर्व दिशांना फिरवून पाहिले. प्रत्येक दिशेला ते डुगडुगले. साखर भरून त्यांनी झाकणाखाली फडके लावले. दुसऱ्या दिवशी चहा करताना पाहतात तो मुंग्यांची रांग फडक्याच्या घडीतून आत चालली होती, जणू ती घडी त्यांच्यासाठीच घातली होती.

साखर पुन्हा रंगाच्या डब्यात गेली. बरणी फळीवर रिकामी राहिली.

पुढच्या बाजाराला मामा झाकण जुन्या पंच्यात गुंडाळून घेऊन गेले. मातीवाल्या बाईंनी ते हातात घेतले, बोंडावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला हात लावला.

"अदलाबदल झाली काका. हे त्या दुसऱ्या बरणीचं."

"दुसरं करून द्या," मामा म्हणाले.

"तसं होत नाही. बरणी आणि झाकण मी एकाच दिवशी करते. एकावर एक ठेवून वाळवते, एकावर एक ठेवूनच भाजते. माती आकसते ना, ती दोघांची मिळून आकसते. वाकली तर दोघं एकाच बाजूला वाकतात. आता नंतर केलेलं झाकण त्या बरणीवर काही बसायचं नाही. हवं तर मी तुम्हाला नवी जोडीच देते."

मामांनी विचार केला. "त्यांचंही बसत नसेल," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"ज्यांच्याकडे माझं गेलं."

"नसणारच. येतील त्याही परत. उंचशा होत्या, घाईत होत्या. आई घरी एकटी आहे म्हणाल्या." बाईंनी झाकण परत पंच्यात ठेवले. "ठेवून जाता का इथे? आल्या की बदलून ठेवते."

येथे मामांनी झाकण ठेवून घरी जायला हरकत नव्हती. व्यवहाराने तेच योग्य होते. परंतु त्यांच्या मनात एक गोष्ट आली, ती ते कोणाला सांगू शकले नसते. या शहरात कोणीतरी एक मनुष्य असा होता, की ज्याच्या घरात त्याच वेळी तसेच झाकण डुगडुगत होते. असा मनुष्य मामांना पूर्वी कधी मिळाला नव्हता.

"मी येईन," मामा म्हणाले. "पुढच्या वेळी. आणि थोडं थांबेनही." आणि सवयीने लगेच "चला" म्हणून निघाले.

तेव्हापासून मामा प्रत्येक बाजाराला जाऊ लागले. पहिल्या खेपेला ते टेबलाच्या बाजूला उभे राहिले. दुसऱ्या खेपेला बाईंनी त्यांना स्टूल दिले. ते नेहमीप्रमाणे त्यावर पाठ करून बसू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, लोकांकडे तोंड करा. नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही रुसलात." त्या दिवशी मामांनी आयुष्यात प्रथमच माणसे समोर उभी राहून बोलताना पाहिली. बोलण्याआधी माणसाचा चेहरा बदलतो, ही गोष्ट त्यांच्या तेव्हा लक्षात आली.

झाकणांची गल्लत पुन्हा होऊ नये म्हणून बाईंनी नवा नियम केला. बरणी विकली की झाकण तिच्यावरच ठेवायचे, मध्ये कागद घालायचा आणि सुतळीने बांधायचे. बांधण्याचे काम मामांकडे आले. मामा इतके घट्ट बांधीत की गिऱ्हाईक घरी जाऊन कात्री शोधीत असणार.

"काका, ती बरणी आहे, पळून जाणारी शेळी नाही," आठ नंबरचा तारवाला पलीकडून म्हणे. "आणि तुमची नवरी आली का नाही अजून?"

"झाकण हो," मामा दुरुस्ती करीत.

"तेच ते. आली की सांगा, मी दिव्यांची माळ लावतो."

ठशांच्या बहिणींपैकी धाकटी त्यांना चहा आणून देई आणि थोरलीची तक्रार सांगे. मग थोरली येऊन धाकटीची तक्रार सांगे. मामा दोघींचे ऐकत. उत्तर देण्याची वेळ आली की ते गडबडत, कारण येथे दार उघडत नसे. बोलणारा मनुष्य समोर तसाच उभा राही आणि मामांच्या तोंडाकडे पाही. मामा मग म्हणत, "असं आहे तर." हे तीन शब्दही त्यांना पुष्कळ वाटत.

बाजार महिन्यातून एकच दिवस भरे. बाकीचे दिवस मामा घरी असत. सकाळी चहा करताना ते फळीवरच्या बरणीकडे पाहत, साखर रंगाच्या डब्यातून घेत. कधी कधी ते झाकण बरणीवर ठेवून बोटाने दाबीत. ते डुगडुगे. घरात एवढाच आवाज होई. मामा त्या अनोळखी बाईंचा विचार करीत. त्यांच्याही घरात मुंग्या असतील. त्याही चिडत असतील. भेटल्यावर त्यांना काय म्हणायचे, याची वाक्ये मामा मनात जुळवीत, आणि ती सहा मजल्यांपेक्षा लांब होत.

बाजाराच्या रविवारी ताईचा फोन सकाळीच येई.

"आजही चाललास? एका झाकणासाठी बसनं एवढ्या लांब?"

"हो."

"ती बाई केव्हाच विसरली असेल तुझं झाकण. तू एक नवी बरणी घे आणि मोकळा हो."

मामांना मोकळे व्हायचे नव्हते. परंतु हे ताईला कसे सांगावे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

थंडी संपून ऊन तापू लागले, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती आणि बाजारात वर्दळ कमी होती. मातीवाल्या बाई ठशांच्या बहिणींचे भांडण सोडवायला अकरा नंबरवर गेल्या होत्या. मामा एकटेच बसले होते. एक उंचशी बाई आली आणि एकेक वाटी उचलून तिच्या तळाशी बोट फिरवू लागली.

"हिच्याहून उथळ आहे का एखादी?" तिने विचारले.

मामांनी तिला दुसरी वाटी दिली.

"आईसाठी हवीय," ती म्हणाली. "दिसत नाही तिला आता फारसं. मागे मी इथूनच एक बरणी नेली होती, निळी. तिचं झाकण आईनं घेतलंय."

मामांचा हात शेजारच्या पिशवीकडे गेला. पंचा वरच होता.

"झाकण घेतलं?" ते म्हणाले.

"बरणीवर ते नीट बसतच नव्हतं, म्हणून मी पलंगाशेजारी ठेवलं होतं. तर तिनं त्यात गोळ्या ठेवायला सुरुवात केली. मध्ये ते बोंड आहे ना, त्याच्याभोवती बोट फिरवते. एक-एक गोळी हाताला लागते. पूर्वी मला रोज हाक मारायची, 'गोळी कुठे गेली?' आता मारत नाही. स्वतःच घेते." ती हसली. "मग मी बरणीत चमचे ठेवले. झाकणाची गरजच उरली नाही."

मामांनी बरेच महिने जी वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांत मुंग्या होत्या, फडके होते, रंगाचा डबा होता. गोळ्या त्यांत कोठेच नव्हत्या.

"तसंच दुसरं झाकण मिळालं, तर आईंना चालेल?" त्यांनी विचारले. पंचा त्यांच्या बोटांखाली होता.

"छे. एकदा धुताना मी तिथं दुसरी बशी ठेवली, तर म्हणाली, 'माझं कुठंय?' तिला हातानं कळतं सगळं. ते बोंड एका बाजूला जरासं चपटं आहे म्हणे. मला तर दिसतसुद्धा नाही."

मामांच्या पंच्यातल्या झाकणाचे बोंड चपटे नव्हते. ते पूर्ण गोल होते. हे त्यांना न पाहता ठाऊक होते.

त्यांनी पिशवीवरचा हात काढला. वाटी कागदात गुंडाळली आणि सुतळीने बांधली. या वेळी त्यांनी गाठ सैल मारली, कारण घरी ती कदाचित आईच चाचपून सोडतील असे त्यांना वाटले.

"काका, तुम्हीच बनवता का हे सगळं?" बाईने जाता जाता विचारले.

"नाही. मी बसतो इथे."

"बरं आहे. चार माणसं दिसतात." आणि ती घाईघाईने निघून गेली, कारण आई घरी एकटी होती.

सर्व संभाषण मिळून फार तर सहा मजल्यांचे झाले असेल.

मातीवाल्या बाई परत आल्या. त्यांनी पदराने मान पुसली आणि नेहमीच्या सवयीने विचारले, "कोणी आलं होतं का काका?"

आता येथे मामांच्या हाती सर्व काही होते. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली असती तर काहीच बदलले नसते. झाकण पंच्यात राहिले असते, पुढचा बाजार आला असता, स्टूल मिळाले असते. कोणाचे नुकसानही झाले नसते. मामांना हे सर्व एका क्षणात दिसले, आणि त्यांना त्याचा मोह झाला. परंतु ज्याचा मजला आला आहे त्याला "अजून आला नाही" असे त्यांनी नोकरीत कधी सांगितले नव्हते. ते त्यांच्या जिभेला जमले नाही.

"त्या आल्या होत्या," मामा म्हणाले. "झाकणवाल्या."

"अरे वा. आणि? बदललंत?"

"नाही. त्यांच्या आईंना लागतं ते. गोळ्यांना. राहू दिलं मी."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "त्यांना सांगितलंत तरी?"

"सांगितलं असतं तर त्यांनी परत दिलं असतं."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "म्हणजे सुटलात एकदाचे. तुमचे रविवार मोकळे झाले, काका."

मामांनी काही उत्तर दिले असते, पण तेवढ्यात एक मोठे कुटुंब आले आणि त्यांना ताटे पाहायची होती. बाई तिकडे वळल्या. ताटे खाली-वर होऊ लागली. मामा थोडा वेळ बसले. मग त्यांनी स्टूल टेबलाखाली सरकवले आणि पिशवी उचलली.

"चला," ते म्हणाले. कोणाला ऐकू गेले नाही.

आठ नंबरजवळ तारवाल्याने मान वर केली. "आज लवकर, काका?"

"मजला आला," मामा म्हणाले आणि चालू लागले. तारवाल्याला काही कळले नाही. तो पुन्हा तार वाकवू लागला.

बस रिकामी होती. मामा खिडकीशी बसले. आपले झाकण आता कोठे आहे, हे त्यांना प्रथमच ठाऊक झाले होते. ते एका पलंगाशेजारी होते, आणि रोज कोणीतरी त्याच्याभोवती बोट फिरवत होते. त्या वृद्ध बाईंना मामा माहीत नव्हते, आणि यापुढेही माहीत होणार नव्हते. मामांना त्याचे समाधान वाटले, पण समाधानाने छाती भरत नाही, हेही जाणवले. तिकीट काढण्यासाठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, तेव्हा हाताला सुतळीचे रीळ लागले. सतरा नंबरचे. वाटी बांधल्यावर ते सवयीने खिशात गेले होते.

दुसऱ्याची वस्तू मामांनी कधी रात्रभर स्वतःकडे ठेवली नव्हती. पुढच्या थांब्यावर उतरून परत जाता आले असते. बाजार उठायला अजून अवकाश होता. बस थांबली. दार उघडले. मामा बसून राहिले आणि दार बंद झाले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिला राहवले नव्हते.

"सापडलं का तुझं झाकण?"

"सापडलं."

"मग आता संपलं एकदाचं तुझं ते जाणं."

"नाही," मामा म्हणाले. "पुढच्या वेळी जावं लागेल. सुतळी परत द्यायची आहे."

"कोणाची सुतळी?"

"सांगतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि ते त्या खुर्चीवर बसले. "म्हणजे असं झालं, की त्या बाई आल्या, त्या उंच होत्या, आणि त्यांच्या आईंना..."

"अरे थांब, दूध उतू जातंय," ताई म्हणाली. "सांग हं मग. पुढच्या रविवारी सांग." आणि फोन बंद झाला.

मामांनी फोन टेबलावर ठेवला. वाक्य अजून त्यांच्या तोंडात होते. मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, फळीवरची निळी बरणी खाली घेतली आणि सुतळीचे रीळ तिच्यात ठेवले. वर दुसऱ्या बरणीचे झाकण ठेवले. ते डुगडुगले. मामांनी त्याला फडके लावले नाही. मुंग्यांना सुतळीत काही रस नव्हता.